व्यवसाय : नोकरी

वर्षातून एकदा कारखान्याच्या गेटात मेडिकलची व्हॅन उभी राहते. शिफ्ट सुटायच्या आत दोनशे माणसं ‘उरकायची’ असतात. वजन, उंची, बीपी, रक्ताचा थेंब. ‘काही त्रास?’ ‘नाही.’ ‘चला, पुढचा!’ कागदावर ‘फिट’चा शिक्का. गुरांच्या बाजारात निदान दात तरी बघतात.

फॉर्मवर एक रकाना असतो : व्यवसाय. त्यात सरसकट एकच शब्द, नोकरी. फाउंड्रीत कास्टिंग घासणारा, ॲसिडच्या टाकीवर उभा राहणारा, पॉवर प्रेसची धडधड दिवसभर सोसणारा आणि एसीत बसून या तिघांची हजेरी मांडणारा, सगळे ‘नोकरी’. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या डॉक्टरनं १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि बजावलं, रोग्याला एक प्रश्न जास्त विचारा : काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं हा प्रश्न व्हॅनबाहेर रांगेत उभा आहे. नंबर अजून आलेला नाही.

कानाचंच घ्या. गोंगाटानं जाणारा कान आधी बारीक, उंच आवाज सोडतो, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. गप्पा बराच काळ ऐकू येत राहतात. म्हणून तो यंत्रावर, शांत खोलीत आणि गोंगाटापासून चांगली विश्रांती झाल्यावर तपासायचा. आपली व्हॅन कंप्रेसरशेजारी. डॉक्टर ओरडतात, ‘ऐकू येतंय ना?’ कामगार ओरडतो, ‘हो!’ दोन्ही कान पास.

गिरणगावाला हे नवं नाही. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची खोड अशी, की सुरुवातीला छाती आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी. मग आठवडाभर ओसरत जाते. तपासणी गुरुवारी ठेवली, की छाती मोकळी. आणि सोमवारी धाप लागते म्हणून सांगावं, तर वरचा साहेब डोळा मिचकावणार : ‘काय, रविवार जास्त झाला वाटतं?’

कायद्यात काही कमी नव्हतं. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत २९ रोगांची यादी होती. त्यांतला रोग दिसला की डॉक्टरनं कारखाने निरीक्षकांच्या मुख्याला कळवायचं. न कळवल्यास दंड? तेव्हा जास्तीत जास्त एक हजार रुपये. तेवढ्यात एमआरआयच्या खोलीचं दारसुद्धा उघडत नाही. शिवाय कळवलं तर चौकशी धुळीची होणार. गप्प बसलं तर फक्त कामगाराची. त्यापेक्षा धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसला टीबी म्हणावं. धूळ सुटते, जंतू अडकतो, गोळ्या सरकारी आणि फुकट. सिलिकोसिस बरा करणारं औषधच नाही, हा तपशील रोग्याला कळायला अवकाश असतो.

सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितलं, कामगाराच्या आरोग्याची नोंद कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपा. कारण हे रोग सावकाश येतात. जपायची फाइल चाळीस वर्षं, आणि फाइलमधला माणूस अकरा महिन्यांच्या करारावर! ठेकेदार बदलला की कामगार नवा, गेटपास नवा, तारीख नवी. फुप्फुस तेवढं जुनंच.

चुकून कुणी ‘अनफिट’ निघालाच, तर? धूळ ओढणारा पंखा बसत नाही, माणूस घरी बसतो. त्याच्या जागी दुसरा, ताज्या छातीचा. म्हणून तर रांगेतला प्रत्येक जण खोकला गिळून ‘नाही’ म्हणतो.

तपासणी हवीच. पण एकाच शेडमधल्या दहा जणांचे कान गेले, तर बिघाड दहा कानांत नसतो. शिक्का व्हॅनमध्ये तयारच आहे. पुढच्या वर्षी एकदा शेडच्या दारावर मारून बघा.