आप्पा हसले

‘बेळगोळला चाललोय’ म्हटलं की पुण्यात समोरचा आपोआप हात जोडतो. त्याला श्रवणबेळगोळ वाटतं, गोमटेश्वर वाटतो, गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी अक्षरं वाटतात. आमचं बेळगोळ वेगळं. म्हैसूरजवळ, कृष्णराजसागर धरणाच्या बाजूला. तिथे माझे मामा राहतात, आणि दगडात कोरलेलं दाखवण्याजोगं काही असेलच तर तो मामांचा चेहरा.

तो चेहरा त्यांना आमच्या आजोबांकडून मिळाला. आजोबांचा, म्हणजे आप्पांचा, जगात एकच फोटो आहे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि डोळ्यांत स्टुडिओवाला किती पैसे लावणार याची काळजी. गेली चाळीस वर्षं हा फोटो चंदनाच्या सालींचा हार घालून बैठकीत टांगलेला आहे आणि त्या काळात घरातलं एकही मूल उगाच खिदळलेलं नाही.

2025च्या सप्टेंबरात सगळा देश गूगलच्या ‘नॅनो बनाना’पुढे रांग लावून उभा होता. चाळिशीतल्या बायका शिफॉनच्या साडीत वाऱ्यावर केस सोडून सिनेमाच्या पोस्टरवर जाऊन बसत होत्या. बंगळूरूत कम्प्युटरची नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने त्याच रांगेत आप्पांना उभं केलं.

आप्पा रंगीत झाले. कातडी साल काढलेल्या उकडलेल्या बटाट्यासारखी. आशीर्वादाला उचललेल्या हाताला बोटं पाचच होती (यंत्र आता सुधारलंय), पण करंगळी शेजारच्या बोटात विरघळली होती. आणि आप्पा हसत होते, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून. त्यांचा शेवटचा दात माझ्या जन्माआधी पडला. भावाचं एवढ्याने भागेना, म्हणून त्याने आप्पांना हलवलंही. आप्पांनी मान वळवली, पापणी मिटली आणि नजर थेट आमच्यावर रोखली.

फोटो आणि चलतचित्र दोन्ही घरच्या ग्रुपवर पडली. सात मिनिटं कोणी बोलेना. मग नागपूरच्या मावशीने ‘अप्रतिम’ लिहिलं आणि बांध फुटला. ‘अगदी जिवंत!’, ‘तेच ते डोळे!’, ‘आप्पा आपल्यातच आहेत!’ सोलापूरच्या काकांनी सवयीने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. न्यू जर्सीहून आत्याने जे पिवळं तोंड पाठवलं ते रडतंय की हसतंय, यावर अजून एकमत नाही. आणि रात्री दहानंतर हीच मंडळी एकेक करून मला फोन करू लागली. मावशी म्हणाली, ‘अरे, मी तो फोन पालथा घालून झोपले.’ काका म्हणाले, ‘दात कुणाचे आहेत ते?’ आपल्याकडे फोटोला प्रतिक्रिया दोन असतात, ग्रुपवरची आणि फोनवरची. पहिली मोजून जाहीर करतात.

ही जी पोटात गोळा येण्याची गोष्ट आहे ती मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने 1970 सालीच आलेख काढून दाखवली आहे. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आवडू लागतं, आणखी दिसलं की आणखी आवडतं, आणि अगदी माणूस व्हायला थोडंसंच कमी असताना एकदम किळस येते. आलेखात तिथे दरी आहे. त्या दरीत मोरींनी प्रेत ठेवलं, आणि हलणारी वस्तू तर त्याहून खोल जाते असंही सांगून ठेवलं. आम्ही त्या दरीतून आप्पांना उचललं, दात बसवले आणि ‘सुप्रभात’च्या जागी लावून दिलं.

2021मध्ये ‘मायहेरिटेज’ कंपनीने हाच खेळ मांडला होता. भगतसिंग, विवेकानंद फोनवर पापण्या मिटू लागले, आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातली गंमत अशी की हालचाली भलत्याच माणसांच्या, आधीच चित्रित करून ठेवलेल्या असत. चेहरा क्रांतिकारकाचा, मुरका कुणाचा तरी. त्यांना बोलायला लावायचं मात्र कंपनीने मुद्दाम टाळलं होतं. आप्पांच्या बाबतीत ही खबरदारी फार गरजेची. आप्पा बोलले असते तर पहिला प्रश्न ‘याचे किती दिले?’ हाच असता.

तसे आपणही काही सोवळे नाही. स्टुडिओत पेन्सिलीने निगेटिव्हवर ‘टचिंग’ होत असे आणि लग्नाची सावळी मुलगी पाकिटात गव्हाळ होऊन जाई. गेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे ब्रशने उघडत. नवऱ्याचा एक आणि बायकोचा दुसरा फोटो जोडून जोडपं करत, आणि मग ती दोघं भिंतीवर वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत बसत. पण तो टचिंगवाला काउंटरवर विचारायचा तरी, ‘डोळे घारे होते का हो? मस उजवीकडे की डावीकडे?’ यंत्र विचारत नाही. त्याच्याकडे एकच कवळी आहे, ती ते सगळ्यांना लावतं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी भावाला मुद्दाम म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये नेलं. तिथे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं ते दिवा धरलेल्या बाईचं चित्र आहे. जलरंगातलं. लोक ते बिनदिक्कत रविवर्म्याच्या नावावर खपवतात. चित्रातली बाई म्हणजे हळदणकरांची मुलगी, गीता. पुढे कोल्हापुरात 102 वर्षांची होऊन 2018 साली गेली. दिव्याचा उजेड तिच्या बोटांतून लाल होऊन पाझरतो. भावाने बोटं मोजली. पाच. मग हळूच विचारलं, ‘याचा प्रॉम्प्ट काय असेल?’

‘पोरी, हलू नकोस,’ मी म्हटलं.

21 सप्टेंबरला श्राद्धाचं जेवण तयार झालं. पानं मांडायच्या आधी भावाने आप्पांना बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर लावलं, आजीला दाखवायला म्हणून. आजीचं वय 91. घरात मराठी आणि परक्याशी कानडी, हा तिचा लग्न होऊन म्हैसूरला आल्यापासूनचा नियम. ती येऊन उभी राहिली. आप्पांनी मान वळवली, पापणी मिटली आणि बत्तीस दातांनी हसले. मामींच्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला.

आजीने पदर डोक्यावर ओढला आणि टीव्हीकडे बघत अदबीने विचारलं, ‘यारु इवरु?’ हे कोण?

‘अगं आई, आपले आप्पा,’ मामा म्हणाले.

आजीने पुन्हा एकदा नीट पाहिलं. ‘हो का,’ म्हणाली. मग मामींकडे वळून, आवाज खाली आणून, मराठीत: ‘कॉफी टाक गं त्यांना. पण जेवायला थांबा म्हणू नकोस. श्राद्धाचं पान परक्याला वाढत नाहीत.’