बाकडी एकूण, बाकडी बसण्यालायक

बाहेरगावची बस अहेरीच्या स्टँडवर लागते, काकाजी उतरतात आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत निकाल जाहीर करतात.

"बेंच बावीस. बसण्यालायक चौदा. झोके चार, त्यातला एक एकाच साखळीवर."

"कुठली बाग, काकाजी?"

"गावाचं नाव नाई सांगत, सर. तिथं आमचा साडभाऊ राह्यते."

परगावी गेलं की कुणी आधी देऊळ गाठतो, कुणी तर्रीवाला. काकाजी बाग गाठतात. लग्नाला गेले तर वरात पोचायच्या आत, तेरवीला गेले तर पंगत बसेपर्यंत. एकदा नात्यातल्या एकाला नागपूरच्या दवाखान्यात भेटायला गेले. भेटीची वेळ चार ते सहा. महाराजबाग जवळच होती. पेशंटच्या वाट्याला वीस मिनिटं आली आणि त्यातही काकाजींनी त्याला, महाराजबाग महापालिकेची नसून कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आहे, हेच समजावून सांगितलं. पेशंट बरा होऊन घरी आला. काकाजी अजून त्याचं श्रेय महाराजबागेला देतात.

बागेवर मालकी हक्क सांगणारा म्हातारा प्रत्येक शहरात असतो. चौकीदाराच्या आधी येऊन फाटकाशी उभा राहतो, नळ कोणी सुरू ठेवला याची चौकशी करतो, ठरलेल्या बाकावर दुसरं कोणी बसलेलं दिसलं की त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालतो. पण तो बिचारा आपल्या एकाच बागेला चिकटून असतो. आमचे काकाजी अख्ख्या महाराष्ट्राचे तपासनीस, तेही बिनपगारी, आणि राहायला कुठे, तर अहेरीला.

अहेरीला राहून बागेची हौस म्हणजे समुद्रात राहून टाकीला तोटी बसवण्यासारखं. एका बाजूला प्राणहिता, तिच्या पलीकडे तेलंगणा. दुसऱ्या बाजूला आलापल्लीचा रस्ता धरला की सागवान सुरू होतं, ते संपायचं नाव घेत नाही. गडचिरोली जिल्ह्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगल. हे मी काकाजींना एकदा ऐकवलं.

"म्हणूनच तं बगीचा पाहिजे जी," ते म्हणाले.

त्यांची सगळी नोकरी लाकडाच्या डेपोत गेली. जंगलातून लठ्ठे यायचे, काकाजी लांबी घ्यायचे, मध्यावर टेप गुंडाळून गोलाई घ्यायचे, घनमीटर काढायचे आणि नोंदवहीत चढवायचे. लठ्ठ्याच्या तोंडावर हातोड्याने नंबर पडला की तो थप्पीला लागायचा आणि लिलावाची वाट पाहत पडायचा. चौतीस वर्षं. 2023च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिरासाठी आलापल्लीचं सागवान वाजतगाजत निघालं, तेव्हा काकाजी निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. तरी त्यांचा दावा आहे की त्या दारांतलं एखादं झाड त्यांनी उभं असताना पाहिलेलं आहे. खोटं तरी कसं म्हणावं? त्यांनी पाहिलं नाही असं झाड या पट्ट्यात शोधावं लागेल.

निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात. काकाजी एक कोरी नोंदवही घेऊन गेले. निळ्या कापडी पाठीची, लांबट, सुतळीने पेन्सिल बांधलेली. तिच्यातले छापील रकाने त्यांनी पट्टीने खोडले आणि वर नवे लिहिले: बाकडी एकूण, बाकडी बसण्यालायक, झोके, घसरगुंडी, पाणी, मुतारी, शेरा. 'गोलाई' हा एक रकाना मात्र खोडला नाही. सवय, दुसरं काय! बागेत शिरले की पहिल्या बऱ्या झाडाला टेप पडतोच.

या टेपापायी पुण्यात एक गंमत झाली. मुलगा तिकडे नोकरीला, म्हणून वर्षातून एकदा काकाजी आणि काकू पुण्याला जातात. मुलाला वाटतं, आईबाबा आपल्याला भेटायला येतात. काकूंपुरतं ते खरं आहे. तर एका सकाळी काकाजी कुठल्याशा बागेत झाडाला कवेत घेऊन, पलीकडून टेपचं टोक पकडायचा प्रयत्न करत होते. पळायचे बूट घातलेली एक बाई थांबली, मायेने हसली आणि म्हणाली, "काका, आम्हीसुद्धा रोज करतो. खूप पॉझिटिव्ह एनर्जी मिळते ना?"

काकाजींनी टेप वाचला. "मले एक मीटर चाळीस भेटली."

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात काकूंनी फाटकाशीच चप्पल काढली. एवढं स्वच्छ म्हणजे आत देवच असणार. ती बाग जपानी धाटणीची. ओकायामा शहरात 1700 साली पुरी झालेली कोराकुएन नावाची बाग आहे, तिच्यावर बेतलेली. पाणी, दगड, पूल आणि मऊ लुसलुशीत हिरवळ. हे सगळं मुलगा समजावून सांगत होता. काकाजींनी कंबरेवर हात ठेवून चहूकडे नजर फिरवली.

"एवढं गवत," ते म्हणाले, "अन् एक गाय नाई!"

सारसबागेत तर पंचाईतच झाली. गणपती तळ्यातला, हे नाव ऐकून ते गेलेले. तळं कुठं आहे ते तिघांना विचारलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथे मोठं तळं होतं, गणपतीची जागा म्हणजे त्या तळ्यातलं बेट, पुढे पाणी हटवून बाग केली, असं चौथ्याने सांगितलं. काकाजींनी ऐकून घेतलं. वहीत आजही शेरा आहे: 'गणपती हजर. तळे गैरहजर.'

नुसत्या 'पार्क' या शब्दावर ते कुठवर जातील याचा भरवसा नाही. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म पार्क आहे, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. झालं, दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून मोटारसायकलवर मागे बसले. वाटेत मी जमेल तेवढं सांगितलं. या भागात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे मिळतात. 1960च्या आगेमागे इथल्याच खडकांत एका प्रचंड डायनोसॉरची हाडं निघाली. तेव्हा रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी होती, म्हणून शास्त्रज्ञांनी पुढे त्याचं नाव 'बारापासॉरस टागोराय' ठेवलं. सांगाडा कोलकात्याला गेला. काकाजींनी एकच प्रश्न विचारला, "वाहतूक परवाना कोनी देल्ला?"

तिथे पोचल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. समोर आडवा पडलेला लठ्ठा, सालीच्या रेघा शाबूत, पण दगडाचा. काकाजी वाकले, बोटांच्या पेरांनी वरून ठकठक केली. मग सवयीने मधोमध टेप धरला. कागदावर गोलाई लिहिली. बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

"सर," शेवटी म्हणाले, "वेळेवर लिलाव नाई झाला का असंच होते पाहा."

आता थोडं आमच्या मोहल्ल्याविषयी. घरामागे एक मोकळी जागा आहे. कधीतरी तिथे दोन बाकडी, एक घसरगुंडी आणि व्यायामाची चार यंत्रं येऊन बसली. हात फिरवायच्या चाकावर गोधड्या वाळतात. उभं राहून पाय हलवायच्या यंत्राला शेजारच्यांची बकरी बांधलेली असते आणि ती त्या यंत्राचा आमच्यापेक्षा नियमित उपयोग करते. एप्रिल लागला की घसरगुंडीच्या तापल्या पत्र्यावर कोणीतरी मोहफुलं पसरतं. काकाजींच्या वहीत ही सुद्धा रीतसर नोंद आहे: 'घसरगुंडी 1, मोहाने व्याप्त.'

पुण्याहून परतले की आठवडाभर त्यांच्या अंगात पुणं असतं. त्या भरात ते लोकांना पहाटेच्या फिरण्याचे फायदे सांगतात. मे महिना होता. समोरून एक मावशी डोक्यावर तेंदूपानांचं गाठोडं घेऊन येत होती. पहाटे तीनला उठून जंगलात जायचं, वाकून वाकून पानं तोडायची, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, मग फळीवर नेऊन मोजून द्यायचे. काकाजींनी तिला थांबवलं आणि सांगितलं, "मावशी, रोज सकाळी चार-पाच किलोमीटर चालाचं. बीपीले चांगलं राह्यते." मावशी तेलुगूत एक लांबलचक वाक्य बोलून पुढे गेली. काकाजींना तेलुगू उत्तम येतं. मी अर्थ विचारला.

"काई नाई," ते म्हणाले. "त्याचं मराठी होत नाई."

पण खरा इतिहास घडला तो हास्यक्लबाचा. 1995 साली मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसं जमवून पहिला हास्यक्लब काढला, ही माहिती काकाजींनी पुण्यातल्या बाकावर मिळवली. पाच माणसं! एवढी तर अहेरीतही निघतील. निघाली. काकाजी, मी, एक किराणा दुकानदार, एक निवृत्त कंडक्टर आणि कंडक्टरचा जावई, जो सासुरवाडीला आल्यामुळे नाही म्हणू शकला नाही. डिसेंबरची पहाट, साडेपाच, काळोख मिट्ट. आम्ही गोल करून उभे राहिलो. काकाजींनी हात वर केले. "हा हा, हो हो!"

पहिल्यांदा मोहल्ल्यातली कुत्री उठली. मग बकरी. मग कंडक्टर खरोखरच हसायला लागला, कारण जावयाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आणि मग बॅटऱ्यांचे चार झोत आमच्यावर पडले.

आमच्या भागात जवानांची गस्त ही काही नवलाची गोष्ट नाही. अंधारात पाच माणसं हात वर करून उभी आहेत, ही त्यांच्यासाठीही रोजची गोष्ट. फक्त आम्हाला हात वर करायला कोणी सांगितलं नव्हतं.

"क्या चल रहा है?"

"हँस रहे हैं, साहब," काकाजी.

"किस बात पर?"

इथे आमची गाडी अडली. पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. हसण्याला कारण लागत नाही, हेच तर त्या क्लबाचं तत्त्व. पण ते तत्त्व बंदूक घेतलेल्या माणसाला पहाटे साडेपाचला हिंदीतून पटवणं सोपं नाही. शेवटी दुकानदार म्हणाला, "दामाद पे, साहब." झोत जावयाच्या तोंडावर गेला. साहेबांनी क्षणभर पाहिलं, त्यांना ते पटलं असावं. "ठीक है, आवाज कम," म्हणून गस्त पुढे गेली. जावई त्याच दिवशी दुपारच्या गाडीने गेला. हास्यक्लब चार जणांवर आला, म्हणजे कोरम संपला.

गेल्या दिवाळीत मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू अहेरीला आले. त्यांना घेऊन काकाजी 'वैभव आलापल्ली'ला गेले, मीही बरोबर होतो. भामरागडच्या रस्त्यावर सहाएक हेक्टरांचा हा जंगलाचा तुकडा. 2014 साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेला, महाराष्ट्रातला पहिला. आत सागाची झाडं अशी, की शेंडा पाहायला टोपी धरावी लागते. पुण्याच्या मंडळींनी मोबाइल वर केले. काकाजी हात मागे बांधून उभे. वही पिशवीतच राहिली, टेप खिशातच राहिला.

नातवाने चारी बाजूंना पाहिलं. "आजोबा, इथे झोका कुठंय?"

मला वाटलं, आता काकाजी त्याला जंगलाची थोरवी सांगतील. ते नुसते कानकोंडे झाले. जणू झोका न लावल्याचा जबाब त्यांनाच द्यायचा आहे.

परतताना गाडीत मी विचारलं, "काकाजी, तुम्ही एवढं जंगल पाहिलेलं, आणि बाग दिसली की लहान पोरासारखे धावता. काहून?"

"जंगलात बसता येत नाई, सर," ते म्हणाले. "बसलो का सायेब म्हने, काहून बसला? सायेब नसला तं अस्वलाचा भेव. बगीच्यात कोनी विचारत नाई. तिथलं झाड चोरीले गेलं तं मायावर रिपोर्ट नाई."

मागच्या सीटवर नातू झोपला होता. काकूंनी डबा उघडून सगळ्यांना चकल्या दिल्या. पंधरा वर्षांत त्यांनी किती बागा पाहिल्या असतील! पण त्यांचा बाक नेहमी एकच, फाटकाजवळचा. मांडीवर काकाजींची पिशवी, हातात पाण्याची बाटली. काकाजी आत मोजत असतात आणि काकू बाहेर ते कधी संपतं याची वाट पाहतात.

परवा संध्याकाळी काकाजी माझ्याकडे आले, वहीतून कागद फाडलेला. त्यावर पेन्सिलने बाकाचं चित्र, मापांसह. बऱ्याच बागांतल्या बाकांवर अमक्याच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं असतं, ते त्यांना फार आवडतं. माणूस जिवंतपणी कुणाला शेजारी बसू देत नाही, आणि मेल्यावर गावाला बसवतो, असं ते म्हणतात. तर आपल्यामागे मोहल्ल्यात एक बाक बसवावा, पैसे बाजूला ठेवलेत, देखरेख मी करावी. सागवानीच हवा. सिमेंट चालणार नाही.

"तोंड जंगलाकडे करूया," मी म्हणालो. "सकाळी छान दिसतं."

"नाई जी, नाई! चौतीस वर्षं तेच पाह्यलं. रस्त्याकडे करा. लोखंडाचे ट्रक जाते. मोजता येते."

काकूही मागून आल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा नाकावर ढकलला.

"पाच फूट काहून?"

"दोघांले पुरला पाहिजे."

काकूंनी पेन्सिल घेतली, पाच खोडून तीन केले आणि कागद माझ्याकडे दिला.

"मले फाटकाजवळचाच बरा हाये," त्या म्हणाल्या.