चांगला पराभव, वाईट विजय

ईएसपीएन ही वाहिनी कॉलेज फुटबॉलमध्ये पक्षपात करते, अशी बोंब अमेरिकेत दरवर्षी ऑगस्टअखेर सुरू होते आणि जानेवारीत अंतिम सामना आटोपला की थांबते. या आरोपात काडीचंही तथ्य नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पक्षपात करायला माणूस आधी तटस्थ असावा लागतो, आणि ईएसपीएनवर तटस्थपणाचा आळ आजवर कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

या वाहिनीची मराठी वाचकाला वेगळी ओळख करून द्यायला नको. कचेरीत बसून धावसंख्या बघायला आपण ज्या क्रिकइन्फोवर जातो, ती तिचीच. १९७९ साली कनेटिकट राज्यातल्या ब्रिस्टल गावातून सुरू झालेली ही वाहिनी आज डिस्नेच्या घरात सुखाने नांदते. कॉलेज फुटबॉलची ओळख मात्र करून द्यावी लागेल. नावात फूट असलं तरी हा खेळ मुख्यतः हातांनी आणि खांद्यांनी खेळतात, आणि कॉलेज असलं तरी वर्गात काय चाललंय याच्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला गर्दी म्हणजे दोन संघ, एक क्रीडाशिक्षक आणि लिंबू-सरबताची बादली सांभाळणारा शिपाई. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनसंख्या आहे १,०७,६०१. अलाबामा विद्यापीठ ज्या टस्कलूसा शहरात आहे, तिथली वस्ती लाखाच्या आसपास आणि स्टेडियमही लाखाचंच. एमएस करायला गेलेला आपला मराठी मुलगा पहिल्या वर्षी या वेडाला हसतो. पाचव्या वर्षी तो गणपतीच्या आरतीला कॉलेजच्या रंगाचा टी-शर्ट घालून येतो आणि एका हाताने टाळी वाजवतो, कारण दुसऱ्या हातात सामना चालू असलेला मोबाइल असतो.

या खेळाची खरी मौज अशी, की विजेता कोण हे ठरण्याआधी विजेता होऊ पाहण्याची परवानगी कोणाला, हे ठरवावं लागतं. सर्वोच्च श्रेणीत १३० हून जास्त विद्यापीठं आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम बारा सामने. बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. त्यामुळे अलाबामा श्रेष्ठ की ओरेगन, हे गुणतक्ता सांगू शकत नाही. ते मतावर ठरतं. आणि मत काही आपोआप होत नाही, ते रोज सकाळ-संध्याकाळ बनवावं लागतं. चोवीस तासांच्या वाहिनीची गरज इथे पडते.

अधिकृत निवड करणारी समिती वेगळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तेरा माणसं टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन गावच्या एका हॉटेलात जमतात, सामन्यांची चित्रफीत बघतात, आकडे चाळतात आणि हंगामाच्या उत्तरार्धात दर मंगळवारी क्रमवारी जाहीर करतात. ती जाहीर होते ईएसपीएनवर. त्या क्रमवारीतून 'प्लेऑफ' ही जी विजेतेपदाची स्पर्धा होते, तिचे हक्क ईएसपीएनकडे. २०२४ मध्ये झालेल्या सहा वर्षांच्या नव्या करारानुसार त्यासाठी ती वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर मोजणार आहे. मंगळवार ते मंगळवार मधल्या काळात समितीने काय करायला हवं होतं यावर जी चर्चा झडते, तीही ईएसपीएनवर. समितीवर आमचा प्रभाव नाही, असं वाहिनी सांगते. खरं असणार. प्रभाव पाडायला एक फोन करावा लागतो, आणि समितीची माणसं टीव्ही बघत असतील तर तेवढाही खर्च कशाला?

आता घरातली मंडळी पाहू. एसईसी म्हणजे दक्षिण-पूर्वेकडच्या सोळा विद्यापीठांची परिषद: अलाबामा, जॉर्जिया, एलएसयू, टेनेसी वगैरे. तिच्या नावाची स्वतंत्र वाहिनी २०१४ पासून चालते आणि तिची मालकी ईएसपीएनची. पूर्वी या परिषदेचा दर आठवड्याचा सर्वांत मोठा सामना सीबीएस दाखवत असे. २०२४ पासून तोही ईएसपीएन आणि एबीसी या भावंडांकडे आला. उत्तरेकडची बिग टेन ही परिषद मात्र २०२३ पासून फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्या घरी गेली. तिथे ईएसपीएनचं पान मांडलेलं नाही. या दोन गोष्टींचा ईएसपीएनच्या विश्लेषकांच्या मतांशी संबंध जोडणं हा कोतेपणा आहे. अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे प्रशिक्षक निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच हंगामात ईएसपीएनच्या 'कॉलेज गेमडे' या शनिवारच्या कार्यक्रमात येऊन बसले. अलाबामाबद्दल निष्पक्ष मत हवं, तर याहून जाणता माणूस कुठून आणणार?

या वाहिनीने तर्कशास्त्रात घातलेली भर कोणी नीट नोंदवलेली नाही, म्हणून ती इथे नोंदवतो. एसईसीचा संघ जिंकला तर तो बलाढ्य असतो. एसईसीचा संघ एसईसीच्याच संघाकडून हरला तर दोघेही बलाढ्य असतात, कारण बलाढ्याला बलाढ्यच हरवू शकतो. अशा पराभवाला 'चांगला पराभव' म्हणतात आणि तो जपून ठेवायचा असतो, डिसेंबरात उपयोगी पडतो. एसईसीचा संघ बाहेरच्याकडून हरला, तर खेळाडूंचं लक्ष नव्हतं. बाहेरचा संघ बाहेरच्याशी जिंकला तर त्याला 'वाईट विजय' म्हणावं, त्याने कोणाला हरवलं हे तरी विचारावं. नोव्हेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, अलाबामाने मर्सरसारख्या खालच्या श्रेणीतल्या विद्यापीठाला ५२-७ असं झोडपलं की त्याला पूर्वतयारी म्हणतात. हेच इतरांनी केलं की पळपुटेपणा.

या तर्काची सर्वांत देखणी कामगिरी ३ डिसेंबर २०२३ रोजी पाहायला मिळाली. तेव्हा प्लेऑफमध्ये चारच जागा होत्या. फ्लोरिडा स्टेटचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकून एसीसी या परिषदेचा विजेता झाला होता. त्यात एसईसीच्या एलएसयूला ४५-२४ आणि एसईसीच्याच फ्लोरिडाला २४-१५ असं हरवलेलं. अलाबामा टेक्ससकडून घरच्या मैदानात ३४-२४ असा हरलेला. पुढे ऑबर्नविरुद्ध चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात ३१ यार्ड हवे असताना शेवटच्या मिनिटात चमत्काराने वाचलेला. मग जॉर्जियाला हरवून एसईसीचा विजेता. चौथी जागा मिळाली अलाबामाला. मोठ्या परिषदेचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ.

कारण काय दिलं, तर फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय नोव्हेंबरात मोडला, तेव्हा हा संघ आता तो संघ राहिला नाही. नियमांत महत्त्वाच्या खेळाडूच्या अनुपस्थितीचा विचार करण्याची मुभा आहे, हेही खरं. पण २०१४ मध्ये, म्हणजे याच स्पर्धेच्या पहिल्या वर्षी, ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले होते. समितीने त्यांना चौथी जागा दिली, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या पोराने अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगनला ४२-२० असं हरवून करंडक उचलला. तेव्हा मोडलेल्या हाडांचा हिशेब दर वर्षी नव्याने मांडतात असं दिसतं. आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, संघ किती चांगला आहे ते तरी दिसलं असतं, अशा अर्थाचं त्या ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिलं. संपूर्ण प्रकरणात शहाणं बोलणारा हा एकटाच.

पुढचं राजकारण तुम्ही ओळखलं असेल. फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी लावली, सेनेटर रिक स्कॉट यांनी समितीला पत्र लिहून जाब विचारला, गव्हर्नर डिसँटिस यांनी संभाव्य खटल्यासाठी दहा लाख डॉलर बाजूला ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. वगळलेला संघ मग ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियासमोर उभा राहिला, तेव्हा त्याचे कितीतरी मुख्य खेळाडू आधीच सोडून गेले होते. निकाल ६३-३. दुसऱ्या दिवसापासून वाहिनीवरचे चेहरे असे उजळले, जणू हा निकाल त्यांनी आदल्या महिन्यातच छापून ठेवला होता. अलाबामा दोन दिवसांनी मिशिगनकडून हरला, त्याची चर्चा वेगळ्या आवाजात झाली.

कटकारस्थानवाल्यांना इथे एक गोष्ट अडचणीची आहे. फ्लोरिडा स्टेट ज्या एसीसीत खेळतं, तिचे हक्कही ईएसपीएनकडेच, तेही २०३६ पर्यंत. तिचीही वाहिनी ईएसपीएननेच काढून दिली आहे. म्हणजे भांडण घरातल्याच दोन पोरांचं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्याला माहीत आहे. ईएसपीएनने त्याची पुढची पायरी गाठली: दोन्ही आपलीच, त्यातला एक बाब्या आणि एक कार्टं. ब्रिस्टलहून ग्रेपव्हाइनला कोणी गुप्त निरोप धाडतं, यावर आमचा अजिबात विश्वास नाही. ज्याला पैसे जास्त मोजले त्याचं नाव जास्त वेळा घ्यावं लागतं, आणि ऑगस्टपासून चौदा आठवडे एकच नाव कानावर पडलं की ऐकणाऱ्याला ते ज्ञान वाटू लागतं. बोलणाऱ्यालाही वाटतं. या समालोचकांची निष्ठा खरी आहे, हेच त्यांच्याबद्दलचं सर्वांत वाईट म्हणावं लागेल.

फॉक्सवाल्यांनी हे वाचून टाळ्या वाजवू नयेत. बिग टेनच्या वाहिनीत मोठा हिस्सा त्यांचाच आहे, आणि त्यांच्या शनिवारच्या कार्यक्रमात ओहायो स्टेटला विजेतेपद मिळवून देणारे अर्बन मायर बसतात. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांना आपापले सामने विकायला मोकळं केलं. तेव्हापासून या खेळाचा नकाशा टीव्हीच्या करारांनीच काढला आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पॅक-१२ ला पुरेसा मोठा करार जमला नाही, तर दहा विद्यापीठं उठून गेली आणि मागे दोन उरली. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली आज ज्या परिषदेत खेळतात तिचं नाव अटलांटिक कोस्ट आहे. बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत. हे सगळं विद्यापीठांत घडतं, जिथे भूगोल आणि गणिताचे विभाग अजून चालू आहेत.

२०२४ पासून जागा बारा झाल्या, तेव्हा वाटलं आता तंटा मिटेल. तंट्यालाही आठ जागा वाढल्या. त्या वर्षी इंडियाना ११ जिंकून १ हरला होता आणि अलाबामा ९ जिंकून ३, त्यात व्हँडरबिल्टकडूनचा पराभव धरून. इंडियाना आत, अलाबामा बाहेर. इंडियाना पहिल्याच सामन्यात नोत्र दामकडून २७-१७ असा हरला आणि ईएसपीएनचे कर्क हर्बस्ट्रीट म्हणाले की हा संघ त्या मैदानावर असायलाच नको होता. त्यानंतरच्याच रात्री एसईसीचा टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२-१७ असा हरला. दहा गुणांनी हरणारा अपात्र आणि पंचवीस गुणांनी हरणारा दुर्दैवी, एवढं गणित ब्रिस्टलमध्ये सर्वांना येतं.

२०२५ च्या हंगामात अलाबामा सलामीलाच हरला तो त्याच फ्लोरिडा स्टेटकडून, ३१-१७, आणि फ्लोरिडा स्टेट अख्ख्या हंगामात पाचच सामने जिंकलं. एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने अलाबामाला २८-७ असं लोळवलं. समितीने अलाबामाची नववी जागा हलवली नाही, कारण अंतिम सामना गाठल्याची शिक्षा कोणाला का व्हावी? त्याच दिवशी बिग १२ या परिषदेचा अंतिम सामना हरलेल्या ब्रिगम यंगला मात्र एक पायरी खाली उतरवलं. प्लेऑफमध्ये जागा न मिळालेलं नोत्र दाम रुसलं आणि बोल सामना खेळायलाच आलं नाही. अलाबामाने पहिली फेरी जिंकली आणि रोझ बोलमध्ये गाठ पडली इंडियानाशी. हरण्याबद्दलच पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध असलेलं, ज्या मैदानावर असायलाच नको होतं तेच इंडियाना. निकाल ३८-३. पुढे मायामीला २७-२१ असं हरवून इंडियानाने १६ पैकी १६ सामने जिंकत विजेतेपद घेतलं.

एसईसीच्या मोठेपणात खोट होती, असं कोणी समजू नये. २००६ ते २०२२ या सतरा हंगामांत तिने तेरा विजेतेपदं घेतली, आणि ती काही टीव्हीने दिलेली नव्हती. पण २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी विजेता बिग टेनचा होता, आणि एकाही अंतिम सामन्यात एसईसीचा संघ नव्हता. हे तिन्ही अंतिम सामने दाखवले ईएसपीएननेच. पुढचेही २०३२ पर्यंत तीच दाखवणार आहे. येत्या ऑगस्टात हंगामपूर्व चर्चा सुरू होईल, तेव्हा कोणती परिषद सर्वांत बलाढ्य ठरेल यावर आम्ही पैज लावायला तयार आहोत. विरुद्ध बाजूने पैसे लावणारा कोणी वाचक असेल, तर त्याने आमच्याशी जरूर संपर्क साधावा.