सहा फुटी पोलीस आणि आमच्या आई

चंदीगडच्या सेक्टर 34मध्ये राहून एकही परीक्षा न देणं म्हणजे पंढरपुरात घर असून देवळात न जाण्यासारखं आहे. इथल्या इमारतींना एससीओ म्हणतात. खाली दुकान, वर ऑफिस, असा मूळ बेत. आता खाली कोचिंग आणि वरही कोचिंग. जेईई, नीट, बँक, आयईएलटीएस, पीटीई. व्हरांड्याच्या प्रत्येक खांबावर गेल्या वर्षीचे यशस्वी विद्यार्थी हसत असतात, आणि खाली ओळीने लावलेल्या ॲक्टिव्हांवर यंदाचे विद्यार्थी समोसे खात बसलेले असतात.

नवऱ्याच्या बँकेने आमची इथे बदली केल्यावर मलाही हवा लागली. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तेव्हा परीक्षा निवडली ती माझ्या धंद्यातली : असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी प्रोफेशनल, थोडक्यात एटीपी. ती घेते रेस्ना नावाची अमेरिकेतली संस्था. चार तासांत दोनशे प्रश्न, सगळे बहुपर्यायी. काठीपासून डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत, माणसाचं अडलेलं काम पुढे सरकवणारं जे जे काही असेल ते सगळं अभ्यासाला.

"एटीपी?" कोचिंगच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, वो तो टेनिस है."

मी समजावून सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "कंट्री कौन-सी?" म्हणजे परीक्षा देऊन जाणार कुठे? मी म्हटलं, कुठे नाही, इथेच राहणार. तिने पेन खाली ठेवलं. परीक्षा देऊन सेक्टर 34मध्येच राहणारा माणूस त्या काउंटरवर बहुधा पहिल्यांदाच आला असावा. तिने मला पाणी आणून दिलं.

तेव्हा अभ्यास घरीच. त्यातला बराचसा अमेरिकेचा संसार. वजनाला हलक्या, अंगमापाच्या व्हीलचेअरचा तिथल्या विम्याचा कोड के-0005, हे मला आता झोपेतही येतं. माझा पॅन नंबर येत नाही. तिथल्या मेडिकेअरचा नियम असा की, चाकाच्या खुर्चीचे पैसे मिळतात ते घरातल्या घरात फिरायची गरज असेल तर. बाजारात जायचंय, देवळात जायचंय, ही कारणं धरत नाहीत. हा नियम मी मोठ्याने वाचला तेव्हा सासूबाई मटार सोलत होत्या. "घरातच बसायचं तर खुर्ची चाकाची कशाला?" त्या म्हणाल्या. या आक्षेपावर अमेरिकेत गठ्ठ्यांनी कागद लिहिले गेलेत. आईंनी तो एका शेंगेत निकालात काढला.

गंमत अशी की आमच्या विद्येचा प्रवास आधी उलट्या दिशेने झाला होता. एलिझाबेथ लुंडी नावाची अमेरिकन बाई निंबकरांच्या घरात सून म्हणून आली, कमला निंबकर झाली आणि 1950 साली तिने मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची आशियातली पहिली शाळा काढली. मी त्याच शाळेतली. कमलाबाई अमेरिका सोडून मराठी घरात रमल्या. त्यांच्या शाळेतली मी चंदीगडात मेडिकेअरचे कोड घोकतेय. सून म्हणून कोण सरस, यावर आमच्या घरात चर्चा होत नाही, कारण आईंना निकाल आधीच माहीत आहे.

अभ्यासाने एक खोड मात्र लागली. मी जाईन तिथे टेप काढते. उताराचं प्रमाण एकास बारा : एक इंच चढायचं तर एक फूट रॅम्प. आमच्या समोरच्या एससीओचा ओटा दीड फूट. म्हणजे रॅम्प अठरा फूट, म्हणजे व्हरांड्यातून उतरून, ॲक्टिव्हांची रांग चिरडून, पार्किंगच्या मध्यावर. मी मोजत असताना पार्किंगवाला येऊन म्हणाला, "मॅडम, नक्शा पास हो गया?"

या शहराची मापं कुठून आली हे वाचलं तर टेप हातातून गळून पडतो. हे शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने मॉड्युलॉर नावाची मोजपट्टी बनवली होती. तिच्यातला माणूस 1.83 मीटर उंच, हात वर केला की 2.26. हा आकडा का, तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पुरुष, म्हणजे पोलीस वगैरे, सहा फुटी असतात! हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तरी सचिवालयाला त्याने रॅम्प दिले, हे कबूल करायला हवं. पण तेही त्या पोलिसाने झपाझप चढून जावं म्हणून. तो पोलीस कधी बसत नाही, त्याचे गुडघे कधी कुरकुरत नाहीत. आमच्या आई चार फूट दहा. घर कॉर्बुझिएने बांधलेलं नाही, पण स्वयंपाकघरातली वरची फळी त्या पोलिसासाठीच ठोकलेली आहे.

आणि त्या फळीवर पिन्नीचा डबा होता. थंडीत घरमालकीण बाई "बीजी के लिए" म्हणून आटा-तुपाच्या पिन्न्या पाठवतात. बीजींना, म्हणजे आमच्या आईंना, मधुमेह आहे, म्हणून डबा वर.

मला सरावाला रुग्ण हवाच होता. आधी बैठकीची मापं घेतली. पुस्तकात म्हटलंय, खुर्चीची रुंदी कमरेपेक्षा किंचित जास्त हवी. आई म्हणाल्या, "किंचित कशाला, मोकळी घे." मग एक कॅनेडियन प्रश्नावली. तिच्यात अडचण काय ती रुग्णाने स्वतःच सांगायची, आणि ती किती महत्त्वाची, आज किती जमतं, त्यात समाधान किती, याला एक ते दहात गुण द्यायचे. मला वाटलं, गुडघे सांगतील, न्हाणीघराची पायरी सांगतील. आईंनी फळीकडे बोट दाखवलं. महत्त्व दहा. जमतं एक. समाधान? "तूच सांग."

पुस्तकाप्रमाणे रुग्णाच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. शिवाय 1993चं फिलिप्स आणि झाओ यांचं संशोधन पाठच होतं : लोक 29.3 टक्के साधनं टाकून देतात, आणि त्याचं एक मोठं कारण हे की साधन निवडताना त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. आमच्याकडे याचा पुरावा दाराआड उभा आहे. आईंच्या मुलाने प्रेमाने आणलेला वॉकर. आणताना आईंना विचारलं नव्हतं, आणि तो न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही. मी मुकाट्याने चिमट्याची लांब काठी आणली. दांडा दाबला की पुढची दोन बोटं मिटतात. आईंनी आधी जमिनीवरची मटारची शेंग उचलली, मग टीव्हीचा रिमोट, मग माझ्या नाकावरचा चष्मा. दुसऱ्या दिवशी फेरतपासणी केली : जमतं नऊ, समाधान दहा. डब्यात पिन्न्या तीन कमी. साखरेसाठी त्या कागदावर रकाना नाही.

आता रात्री मी सरावाचे प्रश्न वाचते आणि आई ऐकतात. "अमुक वयाची बाई, तमुक आजार. थेरपिस्टने सर्वांत आधी काय करावं? अ : खुर्चीची मापं. ब : विम्याचे कागद. क : डॉक्टरांना फोन. ड : बाईला काय करायचंय ते विचारणं."

"ड."

बरोबर. पुढचाही बरोबर. मी विचारलं, युक्ती काय? "बाईला विचारा असं ज्यात असेल ते," त्या म्हणाल्या. "बाकीचं वाचूच नकोस." पंचवीस प्रश्नांच्या त्या संचात त्यांना माझ्यापेक्षा दोन गुण जास्त पडले. बरेचसे पर्याय त्यांनी ऐकलेही नव्हते.

तेव्हापासून त्यांना फॉर्म भरायचा आहे. हाताची खुर्ची आणि जादा वेळ मागता येतो, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंय. मी म्हटलं, आई, अहो, शिक्षणाची अट असते, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, तोही तासांत मोजून.

"पंधरा वर्षं हे गुडघे वागवतेय," त्या म्हणाल्या, "झोपेतसुद्धा. कर गुणाकार."