सोवळ्यातलं मीठ

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आमटीला उकळी फुटली होती आणि मिठाच्या बरणीत चमचा घातला तर नुसता खळ्ळकन आवाज झाला. बाहेर गुडघाभर बर्फ. दुकान दोन मैलांवर. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून जाऊन येईपर्यंत आमटीचं पिठलं झालं असतं. तेव्हा मी जे केलं, ते आमच्या घरात चोरी या सदरात मोडतं. बॅटरी घेतली, नवऱ्याचे बूट चढवले आणि अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरमधून मिठाचा डबा काढून आणला. हवं तेवढं घेऊन डबा परत जागच्या जागी. कुणाला कळण्याचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला आणि दारातच म्हणाला, "ट्रेलरमधून काय आणलंस?"

गौरी आणताना घरभर पावलं काढतात ना, तशी दारापासून ट्रेलरपर्यंत माझी पावलं उमटली होती. गौरीची नुसती आत येतात, माझी गेलेलीही दिसत होती आणि आलेलीही. पावलं त्याच्याच बुटांची होती खरी, पण तो दिवसभर ऑफिसात होता.

हा ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं 19 फुटी घर. पलंग, दोन बर्नरची शेगडी, चिमुकला फ्रिज, एक बेसिन, आणि साबण पडला तर उचलायला दार उघडावं लागेल एवढी मोरी. आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. मे ते ऑक्टोबर इथली माणसं असली घरं ओढत तळ्याकाठी जातात आणि उरलेले सहा महिने त्याबद्दल बोलतात. आम्हीही सात वर्षांपूर्वी त्यांच्यात सामील झालो.

घेतानाच नवऱ्यानं तत्त्व सांगितलं होतं, ट्रेलर कायम तयार हवा. शुक्रवारी पाचला घरी यायचं, ट्रेलर गाडीला अडकवायची हिच जोडायची आणि निघायचं. सामान भरणं हा प्रकारच नको. आता मिशिगनच्या स्टेट पार्कमधली जागा सहा महिने आधी आरक्षित करता येते आणि उन्हाळ्यातल्या चांगल्या जागा तेव्हाच जातात. म्हणजे ज्या शुक्रवारी आपण उठून निघणार, तो शुक्रवार जानेवारीतच ठरलेला असतो. पण तत्त्वाला तारखेचं काय!

तर कायम तयार राहायचं म्हणजे प्रत्येक वस्तू दोन. दोन पोळपाट, दोन चिमटे, दोन गाळणी, दोन मिसळणाचे डबे. सुरुवातीला मी हिशेबी गृहिणीसारखं घरातलं निवृत्त सामान ट्रेलरमध्ये रवाना केलं. कान तुटलेले कप, दांडा हलणारी कढई, शिट्टी रुसलेला कुकर. ट्रेलर म्हणजे वानप्रस्थाश्रमच झाला. पहिल्याच मुक्कामी कळलं की घरी जो कुकर चुचकारला की चालतो, तो जंगलात मुळीच ऐकत नाही. कारण घरी तो बिघडला तर दुसरं पातेलं असतं, आणि हे कुकरला ठाऊक असतं. मग चांगलं सामान ट्रेलरमध्ये गेलं आणि निवृत्त मंडळी पुन्हा घरी कामावर रुजू झाली. आज आमच्याकडे पाहुणे आले तर त्यांना कान तुटलेल्या कपातून चहा मिळतो. धड कप अंगणात बंद दाराआड असतात.

नवऱ्याची यादीही आहे, प्लास्टिकमध्ये मढवलेली, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. प्रोपेनचे सिलिंडर, बॅटरीचं चार्जिंग, टायरमधली हवा, चाकांखाली सरकवायचे चॉक, जमीन उतरती असली तर ट्रेलर समतल करायचे ठोकळे, पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप. हे दोन पाइप एकमेकांच्या शेजारी ठेवायचे नाहीत. हा यादीतला एकमेव नियम आहे, ज्यावर आमचं आजवर कधी भांडण झालेलं नाही.

भांडण वजनावरून होतं. ट्रेलरच्या दाराशी एक पिवळं स्टिकर असतं. किती पौंडांच्या वर सामान भरू नये, ते त्यावर छापलेलं असतं. आमचा आकडा 900. वाचल्यावर वाटलं, 900 पौंड म्हणजे लग्नाचं बिऱ्हाड नेता येईल! पण एक गॅलन पाणी 8 पौंडांहून जास्त भरतं. 30 गॅलनची टाकी भरली की 250 पौंड तिथेच संपले. शिवाय सगळं वजन मागे गेलं तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. सर्वसाधारणपणे त्याच्या वजनाचा दहावा ते सातवा भाग तरी पुढे हिचवर यावा लागतो. म्हणजे मी साखरेचा डबा पुढच्या कपाटात ठेवायचा की मागच्या, हा प्रश्न स्वयंपाकाचा नसून भौतिकशास्त्राचा आहे.

एकदा ट्रकवाल्यांच्या थांब्यावरच्या काट्यावर आम्ही वजन केलं. स्टिकरपेक्षा 120 पौंड जास्त. नवऱ्यानं माझ्या बिडाच्या तव्याकडे पाहिलं. मी त्याच्या हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं. तिच्यात एकाच मापाचे तीन पाने होते. "एक हरवला तर?" असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "आणि दुसराही हरवला तर, म्हणून तिसरा?" त्यानं शांतपणे मान डोलावली.

त्याच रात्री त्यानं मुद्दाम 'द लाँग, लाँग ट्रेलर' हा 1954 सालचा सिनेमा लावला. त्यात ल्यूसिल बॉल आणि देसी आर्नाझ नवपरिणीत जोडपं आहेत. ट्रेलरमध्ये संसार थाटून निघतात आणि बायको जाईल तिथून आठवण म्हणून दगड गोळा करते. घाट चढायच्या आधी नवरा ते टाकून द्यायला सांगतो आणि ती ते लपवून ठेवते. घाटात काय होतं ते सांगत नाही. सिनेमा संपला. नवरा काही न बोलता उठला, बॅटरी घेऊन ट्रेलरमध्ये गेला आणि पलंगाखालची पिशवी घेऊन परत आला.

तर ती पिशवी. मिशिगन तळ्याच्या काठी पेटोस्की नावाचे दगड सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्यातल्या प्रवाळांचे हे जीवाश्म. कोरडा असताना साधा राखाडी दगड. पाण्यात बुडवला की अंगभर षटकोनी नक्षी उमटते, एखाद्या पैठणीवर उजेड पडावा तशी. 1965 पासून तो राज्याचा अधिकृत दगड आहे आणि सरकारी जमिनीवरून माणशी वर्षाला 25 पौंडच उचलता येतात. माझे कायद्यात बसत होते. काट्यात बसत नव्हते.

शेवटी तीनातले दोन पाने घरी राहिले आणि दगड बागेत गेले. निवृत्त मंडळी आणि हिवाळ्याआधी काढून घ्यायचं खाणं सोडलं, तर तेवढे पाने आणि दगडच काय ते आजवर ट्रेलरमधून उलट दिशेला, उजळ माथ्यानं आले.

बाकी सगळी वाहतूक चोरटी. कारण तत्त्वाचं दुसरं कलम असं, की ट्रेलरमधली वस्तू घरात वापरायची नाही. या नियमाला नाव दिलं सासूबाईंनी. मागल्या उन्हाळ्यात त्या साताऱ्याहून आल्या होत्या. ट्रेलर आतून पाहिला, कपाटं उघडून पाहिली, डबे हलवून पाहिले. मी सांगितलं, "आई, यातलं काही घरात घ्यायचं नाही, असं ह्याचं म्हणणं आहे."

"म्हणजे सोवळ्यातलंच की!" त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंचं असंच होतं. त्यांच्या फडताळाला हात लावायचा नाही. रात्री आम्ही सगळ्याच लावायचो."

ट्रेलरचं त्यांना जराही अप्रूप वाटलं नाही. त्या दोनदा आळंदीहून पंढरपूरला पायी गेल्या आहेत. दिंडीचा ट्रक पुढे जातो, माळावर राहुट्या पडतात, गॅस, पातेली, पिठाची पोती, पाण्याचा टँकर, सगळं चाकांवर. चालणारी माणसं पोचेपर्यंत भाताला वाफ आलेली असते. अडीचतीन आठवडे रोज संध्याकाळी नवा गाव आणि रोज पहाटे आवराआवर. "तुमच्याकडे दोनच माणसं आणि एवढी यादी?" त्यांनी विचारलं. "आमच्या दिंडीत दोनशे माणसं होती. यादी एका बाईच्या डोक्यात होती."

त्यांनी ट्रेलरमध्ये स्वतःची भर घातली ती एकच, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. त्याचं वजन नवऱ्यानं केलं नाही. करायची छाती झाली नाही.

काही गोष्टी मात्र कितीही ठरवलं तरी भरून ठेवता येत नाहीत. पहिली म्हणजे सरपण. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवाकंच किडा आशियातून आला आणि 2002 मध्ये इथेच, डेट्रॉइटच्या आसपास, ओळखला गेला. त्यानं ॲशची कोट्यवधी झाडं संपवली. तो फार लांब उडत नाही, पण लाकडात बसून माणसांच्या गाडीतून सहलीला जातो. म्हणून आता सांगतात, जिथे जाळायचं तिथलंच लाकूड घ्या. दुसरी गोष्ट पाणी. ऑक्टोबरात ट्रेलरचं पाणी थेंबाथेंबानं काढून नळांतून गुलाबी ॲन्टीफ्रीझ खेळवावं लागतं, नाहीतर थंडीत पाइप फुटतात. तिसरी गोष्ट खाणं. एका हिवाळ्यात मी भाजणीचा डबा आत विसरले. एप्रिलमध्ये दार उघडलं तर डब्याचं प्लास्टिकचं झाकण कुरतडलेलं, भाजणी फस्त, आणि माझ्या पुसण्यांच्या चिंध्यांचं मऊ घरटं कपाटात. गणपतीचं वाहन आमच्या वाहनात राहून गेलं होतं.

तेव्हापासून ऑक्टोबरात डाळ, तांदूळ, मसाले सगळं घरात येतं. आत राहतं ते फक्त मीठ. ते गोठत नाही, नासत नाही, त्याला उंदीरही लागला नाही. म्हणून नवऱ्यानं यादीत मिठापुढची चौकट कायमची काळी करून टाकली. मीठ तपासायचं नाही. मीठ असतंच.

आता जानेवारीतल्या आमटीकडे परत येऊ. त्या संध्याकाळी पकडले गेले, म्हणून मार्चमध्ये जास्त हुशारीनं गेले. तेव्हा बर्फ नव्हता. एप्रिलमध्ये पुन्हा गेले. आणि माझ्या लक्षात आलं नाही की शेवटच्या वेळी डबाच घरात राहिला.

जुलैत सासूबाई पुन्हा आल्या, तेव्हा त्यांना घेऊन लडिंग्टनच्या स्टेट पार्कला गेलो. एका अंगाला हॅमलिन तळं, दुसऱ्या अंगाला समुद्रासारखं मिशिगन तळं, मध्ये वाळूच्या टेकड्या. ट्रेलर समतल झाला, चॉक लागले, तव्यावर थालीपिठासाठी तेल पडलं आणि मी डबा शोधायला लागले. यादी म्हणत होती, आहे. कपाट म्हणत होतं, नाही. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं.

शेजारच्या जागेत ओहायोहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. मी मीठ मागितल्यावर बाई एनॅमलच्या निळ्या, पांढरे ठिपके असलेल्या वाटीत भरभरून मीठ घेऊन स्वतःच आल्या आणि सासूबाईंपुढे वाटी धरली. सासूबाई दोन पावलं मागे. मीठ हातात घ्यायचं नाही, भांडण होतं. "खाली ठेवा, खाली ठेवा," असं चक्क मराठीत सांगून त्यांनी टेबलाकडे बोट केलं. बाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी वाटी टेबलावर ठेवली आणि हसल्या.

मग दुसरा प्रश्न आला. वाटी रिकामी कशी परत करायची? सासूबाईंनी तिच्यात दोन बेसनाचे लाडू ठेवले. संध्याकाळी वाटी ब्लूबेरी घेऊन आली. सकाळी चिवडा घेऊन गेली. दुपारी चेरीचा मुरंबा घेऊन परतली. रिकामी वाटी परत करायची नाही, हा नियम ओहायोतही असावा, किंवा आमच्यामुळे तीन दिवसांत तयार झाला. चौथ्या दिवशी उठलो तर शेजारची जागा मोकळी होती. ते पहाटेच निघून गेले होते, आणि वाटी आमच्या टेबलावर होती, भुईमुगाच्या शेंगांनी भरलेली.

ती आता ट्रेलरमध्ये असते. यादीत नवऱ्यानं शाईच्या पेननं तिची भर घातली आहे, "निळी वाटी". पुढची चौकट पांढरी ठेवली आहे. मिठापुढची काळी चौकटही खरवडून पांढरी केली.

सात वर्षांच्या अनुभवानंतर ट्रेलर कायम तयार ठेवण्याबद्दल एवढंच सांगते. मीठ दोन डबे भरून ठेवा. एक जाहीर, एक लपवलेला. घरातलं कुणीतरी जाहीर डबा नेणारच. लपवलेला कुठे ठेवलाय, ते मी इथे लिहीत नाही. नवरा हे वाचणार आहे.