साडूंचं जाकीट

लंडनच्या डिसेंबरात चारच्या सुमारास दिवेलागण होते, आणि थंडी अशी की साडूंनी विमानतळावरच आपलं जुनं जाकीट माझ्या अंगात कोंबलं. साडू शिडशिडीत. मी नाही. खाली स्वेटर, त्याखाली थर्मल, त्याखाली बनियन, अशा थाटात दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शिरलो. शोभेच्या कलांचं जगातलं सगळ्यात मोठं संग्रहालय, आणि तिकीट नाही! भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचंही जुनं नाव हेच. लालबागहून तिथे जायला मला आजवर सवड झालेली नाही.

आत हीटर चालू. घामाच्या धारा लागल्या म्हणून चेन ओढली, तर ती गळ्याशी स्वेटरचा धागा खाऊन बसलेली.

"अहो, पोट आत घ्या."

"चेन गळ्याशी अडकलीय!"

"तरी घ्या."

टिपूचा लाकडी वाघ गोऱ्या शिपायाच्या नरडीला लागलाय. शिपायाबद्दल मला प्रथमच आपुलकी वाटली.

शेजारच्या दालनात अर्दबिलचा गालिचा. रंग विटू नयेत म्हणून त्यावर दर अर्ध्या तासाने दहाच मिनिटं पुरता उजेड सोडतात. त्या अंधुक उजेडात ही दातांनी धागा तोडायला लागली. लोक गालिचा सोडून आमच्याकडे बघायला लागले. आणि दिवे लागले.

हिने चेन सोडली. साडेदहा मीटरचा गालिचा, आणि एका टोकाला मक्सूद काशानीचं नाव आणि हिजरी ९४६ साल विणलेलं. हा जीर्ण झाला तेव्हा याच्या जोडीच्या गालिच्याचे तुकडे काढून याची डागडुजी केली. "म्हणजे एकाचं आयुष्य दुसऱ्याला लावलं," ही म्हणाली, आणि उजेड जाईपर्यंत माझ्या बाहीला धरून उभी राहिली. तोवर मला उकडलंही नाही.

नंतर मात्र फार उकडलं. प्लास्टरच्या प्रतिकृतींच्या दालनात, पाच मीटर उंच डेव्हिडच्या पायाशी, हिने आणि एका दणकट रखवालदारीणबाईंनी जाकीट डोक्यावरून ओढलं. त्याबरोबर स्वेटर आला, थर्मलही आलं. डेव्हिडच्या मागे काचपेटीत प्लास्टरचं अंजिराचं पान ठेवलंय. राजघराण्यातल्या स्त्रिया आल्या की ते त्याच्यावर अडकवत. हिने पानाकडे पाहिलं, मग बनियनमधल्या माझ्याकडे.

"मागून बघितलं असतं हो," ही म्हणाली, "पण तुमच्या पोटाला पुरायचं नाही."