दोन ठोक्यांत कोऽहम्

अमेरिकेतल्या स्क्वेअर डान्सचं चित्र आपल्या डोक्यात सिनेमांनी पक्कं करून ठेवलंय: गवताच्या गंज्या, फिडल, घेरदार झगे आणि आरोळ्या ठोकणारे काउबॉय. कॅलिफोर्नियातल्या आमच्या क्लबात यांपैकी फक्त झगे उरलेत, तेही एक-दोन हौशी आजीबाईंचे. बाकी जमाव म्हणजे निवृत्त गणिताचे प्राध्यापक, सॉफ्टवेअरवाले, एक ट्रकचालक आणि मी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोंडी परीक्षेचा भाव. परीक्षक स्टेजवर माइक धरून उभा असतो. त्याला कॉलर म्हणतात.

चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात. कॉलर कॉल देतो आणि आठही जणांनी तालावर चालत तो पुरा करायचा. पावलं अशी शिकायची नसतातच, त्यामुळे ‘मला नाचता येत नाही’ ही सबब दारातच बाद होते. मिनिटाला साधारण एकशेवीस-पंचवीस ठोके पडत असतात आणि पुढचा कॉल कोणता येणार हे नाचणाऱ्यांना ठाऊक नसतं. बरेचदा कॉलरलाही नसतं. एखाद्या चौकोनातलं कोण कुणाचं जोडीदार एवढं तो ध्यानात ठेवतो, मग त्यांना मनसोक्त विखरून टाकतो आणि नुसत्या नजरेनं वाट काढत पुन्हा जागच्या जागी आणून सोडतो. म्हणजे आपला नवरा नेमका कोणता, हे मधल्या काळात आपल्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

या सगळ्याला शिस्त लावली ती कॉलरलॅब या कॉलर मंडळींच्या संघटनेनं. तिचं पहिलं अधिवेशन १९७४ साली भरलं. तोवर ज्याच्या मनात येईल तो नवा कॉल काढत असे. मग पायऱ्या ठरल्या: बेसिक, मेनस्ट्रीम, प्लस, त्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे ए-वन आणि ए-टू, आणि त्याही वर चॅलेंज, जिथली माणसं एरवीही फारशी बोलत नाहीत. कॉलच्या नावावरून काही उमगेल अशी आशा ठेवू नये. ‘लोड द बोट’मध्ये होडी नाही, ‘चेकमेट द कॉलम’मध्ये राजा मरत नाही, आणि ‘मोटिव्हेट’ ऐकून कुणाचा उत्साह वाढलेला मी तरी पाहिलेला नाही.

मेनस्ट्रीमपर्यंत माणूस सवयीवर तरतो. पुरुष साधारण इथे असतात, बायका तिथे, आणि चुकलंच तर शेजारचा हात धरून ओढतो. शिकाऊंना असं ओढणाऱ्या जुन्या मंडळींना इथे एंजल म्हणतात. देवदूतांच्या मानाने त्यांची पकड फारच घट्ट असते. अ‍ॅडव्हान्स्डला ही सोय संपते. तिथे कॉल व्याख्येप्रमाणे करायचा. तुम्ही बाई की बुवा हे विचारात नाही, तुम्ही कुठे उभे आहात एवढंच पाहायचं. जोडीत डावीकडे असेल तो ‘बो’, उजवीकडे असेल ती ‘बेल’. परवा मी बो होते आणि आमचा सहा फुटी ट्रकचालक बेल. त्याने ते अतिशय अदबीनं निभावलं.

खरी गंमत इथून सुरू होते. रांगेत तुम्ही टोकाला की मध्ये? तोंड आत की बाहेर? म्हणजे तुम्ही ट्रेलर की लीडर? ‘एसी ड्यूसी’ म्हटलं की मधल्यांनी आपसांत जागा बदलायच्या आणि टोकाच्यांनी एक घर पुढे सरकायचं. सोपं आहे, फक्त आपण मधले की टोकाचे हे ठाऊक पाहिजे. आणि ते दर चार पावलांनी बदलतं. आपल्या ऋषिमुनींनी ‘कोऽहम्’ या प्रश्नापायी अरण्यात आयुष्यं घालवली. इथे त्याचं उत्तर दोन ठोक्यांत द्यावं लागतं, आणि चुकलं की पुढचे सात जण मोक्षाला मुकतात.

‘अँड रोल’ त्याहून आध्यात्मिक. हा प्रकार प्लसमध्येच भेटतो, पण छळतो वरच्या पायरीवर. आधीच्या कॉलच्या शेवटी तुमचं शरीर ज्या बाजूला वळत होतं, त्याच बाजूला आणखी काटकोनात वळायचं. सरळ चालत आला असाल तर जागचं हलायचं नाही. म्हणजे आपण काय केलं, याबरोबर ते करताना कुठे झुकत होतो तेही आठवायला हवं. इतका हिशेब चित्रगुप्तही ठेवत नसावा.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. एका संध्याकाळी त्याही आल्या आणि भिंतीकडेच्या खुर्चीत पाऊण तास निश्चल बसल्या. मध्यंतरात मी जवळ गेले तर म्हणाल्या, “अगं, ते माइकवाले गृहस्थ रागावलेत का तुमच्यावर?”

“नाही हो आई, शिकवतायत.”

“मग हा चौकोनी चष्मेवाला सारखा उलटा का जातोय?”

तो गणिताचा प्राध्यापक होता. मी त्यांना ‘क्वार्टर थ्रू’ समजावून सांगितलं: ज्यांना जमेल त्यांनी उजव्या हाताने पाव फेरी, मग ज्यांना जमेल त्यांनी डाव्या हाताने अर्धी. ‘थ्री क्वार्टर थ्रू’ असेल तर आधी पाऊण, मग अर्धी. सासूबाईंच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. “पावकी, निमकी, पाऊणकी! आम्हाला दुसरीत मारून मारून पाठ करून घेतली होती. तुम्ही पैसे भरून करता?”

‘अ‍ॅज कपल्स’ त्यांना सर्वांत आवडलं. कॉलच्या आधी हे दोन शब्द आले की शेजारच्या दोघांनी मिळून एक माणूस व्हायचं. हात सोडायचा नाही, दोघांनी एकाच दिशेला वळायचं. लग्नात गुरुजींनी आम्हाला हेच सांगितलं होतं, पण ताल दिला नव्हता. आमच्याकडे असा एक माणूस होतो, तेव्हा तो माणूस डावीकडे जावं की उजवीकडे यावर स्वतःशीच वाद घालतो. तेवढ्यात चौकोन मोडतो. मोडला की काय करायचं हेही ठरलेलं आहे: समोरासमोर दोन रांगा करून शांत उभं राहायचं, कॉलर आपल्याला पुन्हा उचलून घेईपर्यंत. चूक कुणाची यावर चर्चा करायची नाही. हा नियम मी घरी लागू करून पाहिला. घरी कॉलर नसतो.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: चाळिशीनंतर शिकायला याच्याइतकं मजेशीर दुसरं काही नाही. पाहणाऱ्याला यात फारसं काही दिसत नाही, आणि तेच बरं. आठ माणसं एकाच वेळी एकच गणित अंगानं सोडवतात आणि उत्तर म्हणून आपापला जोडीदार समोर येतो, तेव्हाचा आनंद चौकोनाबाहेर कळत नाही. शिवाय जपानपासून जर्मनीपर्यंत कॉल इंग्रजीतच असतात, त्यामुळे परक्या गावातही आपण तितक्याच बरोबर चुकू शकतो.

तेव्हा इकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी जवळचा क्लब शोधावा. जोडीदार नसला तरी या, सात जणांचा चौकोन होत नाही आणि आठव्याची वाट पाहत कुणीतरी उभं असतंच. दारू पिऊन मात्र येऊ नका. तो इथला फार जुना दंडक आहे, आणि त्याचं कारण एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.